‘वन चाइल्ड नेशन’मध्ये कोण दिसतं, कोण राहून जातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या एक-मूल धोरणावरचा हा माहितीपट पाहून झाला की पुढच्या चर्चेत तेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीभोवती असतात: एवढ्या मोठ्या देशाची गोष्ट सांगताना बोलायला कोणाला बसवलं आणि कोणाला नाही. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते उघडपणे मांडलं आहे.

माहितीपट कोणाचा आहे आणि कधीचा?

नानफू वांग आणि जियालिंग झांग या दोघींचा. जानेवारी २०१९मध्ये सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि अमेरिकी माहितीपटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं. त्याच वर्षी ॲमेझॉनने तो वितरित केला. लांबी सुमारे दीड तास. वांग यांचा जन्म १९८५चा, जियांग्शी प्रांतातल्या एका खेड्यातला. त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या, आई झाल्या, आणि तान्ह्या मुलाला घेऊन गावी गेल्यावर त्यांनी आपल्याच घरातल्या माणसांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे ही चौकशी घराबाहेर पडून शेजारच्या हुनान प्रांतातल्या अनाथाश्रमांपर्यंत आणि अमेरिकेतल्या दत्तक कुटुंबांपर्यंत पोहोचते.

चीनमध्ये सगळ्यांना एकच मूल होऊ द्यायचे ना?

नाही. हे आधी समजून घेतलं नाही तर प्रतिनिधित्वावर बोलण्यात अर्थ उरत नाही.

२५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने पक्षसदस्यांना आणि युवक संघटनेच्या सभासदांना खुलं पत्र लिहून एका मुलावर थांबण्याचं आवाहन केलं. १९८२च्या राज्यघटनेत कुटुंब नियोजन हे नवरा-बायकोचं कर्तव्य ठरलं. १९८३मध्ये देशभर मोहीम निघाली आणि त्या एका वर्षात दोन कोटींहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या पाचांपैकी चार शस्त्रक्रिया बायकांवर. खेड्यांत इतका असंतोष माजला की १९८४पासून सवलती द्याव्या लागल्या. बऱ्याच प्रांतांत शेतकरी जोडप्याला पहिली मुलगी झाली तर आणखी एक संधी मिळू लागली, काही ठिकाणी दोन मुलांत ठरावीक वर्षांचं अंतर ठेवायची अट असे. वांग यांना पाच वर्षांनी लहान भाऊ आहे तो अशाच सवलतीमुळे. अल्पसंख्याक समाजांना नियम आणखी सैल होते. शहरातल्या, बहुसंख्य हान समाजाच्या सरकारी नोकराला मात्र खरोखर एकच मूल. दुसरं झालं तर नोकरीवर गदा यायची.

आणि पैसेवाल्यांची गोष्ट वेगळीच. नियम मोडल्याचा दंड भरायची ऐपत असेल तर बरंच काही निभावून जायचं. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक झांग यिमोऊ यांना तीन मुलं असल्याबद्दल २०१४मध्ये सुमारे ७५ लाख युआन दंड झाला. त्याच नियमाखाली दंड भरता न आलेल्या शेतकऱ्याच्या घराचं छप्पर उतरवून नेत. १ जानेवारी २०१६पासून सर्वांना दोन मुलांची मुभा मिळाली, २०२१मध्ये तीनची.

म्हणजे हे धोरण गाव, शहर, जात-जमात, पगार आणि अपत्याचं लिंग पाहून वेगवेगळं लागू होत होतं. त्यामुळे कोणत्याही एका माणसाचा अनुभव ‘चीनचा अनुभव’ म्हणून चालवता येत नाही.

मग माहितीपटात बोलतं कोण?

वांग यांची आई, आजोबा, मामा-आत्यांच्या पिढीतली मंडळी, धाकटा भाऊ. गावचा माजी प्रमुख. हजारो गर्भपात केलेली सुईण आणि पुरस्कार मिळवलेली एक कुटुंब नियोजन अधिकारी. कचऱ्यात टाकलेल्या गर्भांचे फोटो काढणारा चित्रकार. टाकून दिलेली बाळं उचलून अनाथाश्रमांना विकल्याबद्दल तुरुंगात गेलेला माणूस. हुनानमधली ही प्रकरणं उघडकीला आणून हाँगकाँगला जावं लागलेला पत्रकार. अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं, चिनी मुली दत्तक घेतलेलं जोडपं. आणि जुळ्यातली एक मुलगी, जिची बहीण अमेरिकेत वाढते आहे.

यादी वाचली तर विविधता भरपूर आहे. पण जवळजवळ सगळी माणसं ग्रामीण दक्षिण-मध्य चीनमधली, हान समाजाची आणि वयस्क आहेत.

ज्यांनी अत्याचार केले त्या सुईणीला आणि अधिकारी बाईंना एवढा वेळ का दिला? तो पीडितांना द्यायला हवा होता.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. माझ्या मते याचं उत्तर म्हणजेच या माहितीपटाची सर्वांत मोठी कमाई आहे.

सुईण ८४ वर्षांची आहे. आपण किती नसबंद्या आणि गर्भपात केले असतील याचा हिशोब ती स्वतःहून सांगते: ५० ते ६० हजार. कित्येकदा बायकांना बांधून, ओढत आणलं जायचं हेही ती सांगते. वांग जन्मल्या तेव्हा त्यांचं बाळंतपण हिनेच केलेलं. आता ती फक्त मूल न होणाऱ्या जोडप्यांवर उपचार करते, त्यातून पापाची थोडी फेड होईल अशा श्रद्धेने. तिच्या खोलीत भिंतीवर जागा उरलेली नाही, इतके मूल झालेल्या जोडप्यांनी दिलेले पताकांसारखे कापडी फलक तिथे टांगलेले आहेत, आणि त्यांच्यावर बाळांची चित्रं. कॅमेरा त्या भिंतीवरून घाई न करता फिरतो.

दुसरी बाई त्याच कामाबद्दल सरकारने गौरवलेली. तिला पश्चात्ताप नाही. लोकसंख्येशी देशाची लढाईच चालली होती आणि आपण आपलं काम चोख केलं, अशी तिची धारणा आहे.

एकाच व्यवस्थेत राबलेल्या या दोन बायका शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून पाहणाऱ्याला ‘सरकारने केलं’ असं म्हणून सुटता येत नाही. गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य आहे: काय करणार, इलाज नव्हता. पीडितांच्या तोंडीही तेच, हुकूम बजावणाऱ्यांच्याही. वांग यांच्या आईने तर दोन्ही बाजू भोगल्या. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सासूने वेताची टोपली तयार ठेवली होती, मुलगी झाली तर तीत घालून रस्त्यावर ठेवून यायचं म्हणून. हे सांगणारी तीच आई पुढे धोरण गरजेचंच होतं असं म्हणते. आणि आपल्या भावाने मुलीला बाजारात मटणाच्या दुकानाच्या फळीवर ठेवलं, दोन दिवस कोणी उचललं नाही आणि ती तिथेच दगावली, हेही त्याच घरातलं आहे.

नुसत्या पीडितांना बोलतं करून हे कळलं नसतं. ज्या हातांनी हे घडलं ते हातही प्रतिनिधित्वाचा भाग आहेत, आणि बहुतेक माहितीपट तिथेच कमी पडतात.

एका खेड्यावरून सगळ्या चीनबद्दल निष्कर्ष काढणं बरोबर आहे का?

निष्कर्ष काढू नयेत. माहितीपटाची वाट घरातून बाहेर जाते, त्यामुळे जे घराजवळ नाही ते आपोआप सुटतं. एवढं मात्र खरं की माणसं ओळखीची होती म्हणूनच बोलली. अनोळखी पत्रकाराला ती सुईण ते सांगती का, याची मला शंका आहे.

अल्पसंख्याक समाज कुठे आहेत? तिबेटी, उइघुर, हुई?

नाहीत. ही मला या माहितीपटातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

वरवर पाहता कारण सोपं आहे: या समाजांना जास्त मुलांची मुभा होती, म्हणून त्यांची गोष्ट ‘एक मूल’ या चौकटीत बसत नाही. उइघुर राहतात त्या शिनजियांगमध्ये अल्पसंख्याकांना शहरात दोन आणि खेड्यात तीन मुलांची परवानगी असे, तर हान लोकांना एक आणि दोन. २०१७मध्ये तिथे सगळ्यांना एकच नियम लावला गेला, शहरात दोन आणि खेड्यात तीन. कागदावर ही समानता. पण त्याच सुमारास उइघुर भागांत अंमलबजावणी कमालीची कडक झाली, तांबी बसवण्याच्या आणि नसबंदीच्या मोहिमा सुरू झाल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथला जन्मदर झपाट्याने कोसळला. बाकीच्या देशात सरकार ‘जास्त मुलं होऊ द्या’ म्हणायला लागलं होतं तेव्हाच हे घडत होतं.

माहितीपटाचं चित्रीकरण चाललं तो हाच काळ. शिनजियांगमध्ये कॅमेरा नेणं जवळजवळ अशक्य होतं हे मान्य. पण निवेदनात दोन वाक्यं आली असती तर ‘धोरण २०१५मध्ये संपलं’ हा समज इतका पक्का झाला नसता. राज्यसंस्थेचा बायकांच्या गर्भाशयावरचा हक्क संपला नव्हता. कोणाच्या बाबतीत तो वापरायचा एवढंच बदललं होतं.

एकुलत्या एक मुलींचा फायदा झाला असं म्हणतात. त्या का नाहीत?

शहरांतल्या मुलींचा झाला हे खरं आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेनेसा फाँग यांनी दालियान शहरात वर्षानुवर्षं राहून केलेल्या अभ्यासात हेच दिसतं. वाटेकरी भाऊच नसल्यामुळे आईवडिलांनी मुलीच्या शिक्षणावर सगळा पैसा आणि सगळी उमेद लावली. चीनमधल्या विद्यापीठांत मुलींचं प्रमाण वाढायला याचाही हातभार लागला.

वांग यांची स्वतःची गोष्ट नेमकी उलटी आहे. वडील लवकर गेले, घरात पैसा नव्हता, आणि शिकायची संधी भावासाठी राखून ठेवली गेली. दोन मुलांची सवलत मिळालेल्या गावात मुलीच्या वाट्याला हे आलं, आणि एका मुलाची सक्ती असलेल्या शहरात मुलगी इंजिनिअर झाली. माहितीपटात या दोघी समोरासमोर बसलेल्या मला पाहायला आवडल्या असत्या. त्याने सक्तीचं समर्थन झालं नसतं. उलट, धोरणाने मुलींना एकाच वेळी नकोसं आणि मोलाचं कसं करून टाकलं ते दिसलं असतं.

याच शहरांत दुसरी एक बाजू आहे, एकुलतं एक मूल गमावलेल्या आईवडिलांची. मे २००८मध्ये सिचुआनच्या भूकंपात शाळा कोसळल्या, आणि दगावलेल्या मुलांपैकी कितीतरी घरातली एकमेव होती. नसबंदी झालेल्या आया दुसऱ्या मुलासाठी ती उलटवून घ्यायला निघाल्या. म्हातारपणी सांभाळणारं कोणी नाही अशी लाखो जोडपी आज चीनमध्ये आहेत. तीही या माहितीपटात नाहीत.

पुरुष फक्त बोलतात, भोगतात बायका. असं का?

कारण घडलंही बरंचसं तसंच. तरीसुद्धा इथे माहितीपट एक प्रश्न विचारायचा राहून जातो: नसबंदी पुरुषाची का नाही? शस्त्रक्रिया म्हणून ती कितीतरी सोपी. चीनमध्येच सिचुआन प्रांत याला अपवाद होता, तिथे पुरुष नसबंदीचं प्रमाण बरंच होतं. आपल्या सरकारी दवाखान्यांत जिला बिनटाक्याची नसबंदी म्हणतात ती पद्धतही तिथल्याच डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४मध्ये शोधली. बाकी देशात ‘पुरुष अशक्त होतो, त्याच्याने शेतीकाम होत नाही’ हीच समजूत होती. आपल्याकडे ती अजून आहे.

दत्तक गेलेल्या मुलींना बोलायला जागा मिळाली आहे का?

अर्धीच. १९९२नंतर चीनमधून दीड लाखांहून अधिक मुलं परदेशात दत्तक गेली, त्यातली निम्म्याहून जास्त अमेरिकेत. मुलीच जास्त. परदेशी पालकाकडून अनाथाश्रमाला ठरावीक देणगी मिळायची, त्यामुळे बाळ आणून देणाऱ्याला पैसे देणं आश्रमांना परवडायला लागलं. हुनानमधल्या लाँगहुई तालुक्यात तर दंड भरू न शकलेल्या घरांतून अधिकाऱ्यांनी मुलं उचलून नेली आणि ती ‘अनाथ’ म्हणून परदेशी पाठवली गेली. २०११मध्ये कायशिन या चिनी नियतकालिकाने हे छापलं तेव्हा देशभर खळबळ उडाली.

माहितीपट हा सगळा कारभार उलगडून दाखवतो, पण मुलींच्या बाजूने बोलते ती चीनमध्ये राहिलेली जुळी बहीण. समाजमाध्यमांवर ती अमेरिकेतल्या बहिणीची खुशाली घेते, तिच्यासारखं आयुष्य कसं असेल याचा विचार करते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते शब्दांत मांडायला मला जमणार नाही. पलीकडची बहीण मात्र बोलत नाही. ती अल्पवयीन होती, आणि तिच्या घरच्यांनी जपून पावलं टाकली हे योग्यच झालं. पण दत्तक गेलेल्या, आता पंचविशी-तिशीत असलेल्या कितीतरी बाया स्वतःबद्दल बोलायला तयार आहेत. त्यांच्याऐवजी दत्तक पालकच बोलतात, आणि ही सवय फक्त या माहितीपटाची नाही. चीनने परदेशी दत्तक देणं २०२४मध्ये जवळपास पूर्ण थांबवलं. त्यामुळे आता त्या मुलींच्याच तोंडून हे ऐकण्याची वेळ आली आहे.

अपंग माणसं?

ओझरती. गंमत पाहा, खेड्यांतल्या सक्तीविरुद्ध सर्वांत धीटपणे उभा राहिलेला माणूस अंध होता. छन क्वांगछंग यांनी २००५मध्ये शानडाँग प्रांतातल्या लिन्यी भागात बायकांच्या तक्रारी गोळा करून सरकारला कोर्टात खेचलं. त्याबद्दल त्यांना चार वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. अपंग मूल जन्मलं तर दुसऱ्याची परवानगी मिळायची, या एका तरतुदीवरच वेगळा माहितीपट होऊ शकेल.

दिग्दर्शिका अमेरिकेत राहते. हा पाश्चात्त्य प्रेक्षकांसाठी केलेला चीनविरोधी प्रचार नाही का?

निवेदन इंग्रजीत आहे, पैसा आणि वितरण अमेरिकी आहे, आणि काही खुलासे स्पष्टपणे परदेशी प्रेक्षकासाठी आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रचार म्हणणं मला पटत नाही. प्रचारात बोलणाऱ्याचे हात स्वच्छ असतात. इथे वांग स्वतःच्या आईला, आजीला, मामाला कठड्यात उभं करतात, आणि लहानपणी आपणही हे सगळं बरोबरच मानत होतो हे सांगतात. गावोगावी फिरून कुटुंब नियोजनाची गाणी गाणारी पथकं, भिंतीवरच्या घोषणा, काडेपेट्यांवरची चित्रं हे सगळं त्या दाखवतात. ज्यांचं बालपण लाल त्रिकोण रंगवलेल्या भिंतींसमोर गेलं त्या मराठी प्रेक्षकाला ते लगेच ओळखू येतं.

शिवाय चीनमध्ये राहून हा माहितीपट करणं शक्य नव्हतं. हुनानची प्रकरणं खोदून काढणारा पत्रकारही हाँगकाँगमधूनच बोलतो.

हा गर्भपाताविरुद्धचा माहितीपट आहे का?

अजिबात नाही. शेवटाकडे वांग म्हणतात की सरकार बायकांवर गर्भपात लादत होतं तो देश त्यांनी सोडला, आणि आल्या त्या देशात सरकारं गर्भपात करण्यावर बंधनं घालताहेत. दोन्हीकडे बाईच्या शरीराचा निर्णय दुसराच कोणी घेतो. अमेरिकेत या वाक्यावर बरीच टीका झाली, विशेषतः ज्यांना माहितीपटाचा पहिला भागच सोयीचा होता त्यांच्याकडून.

मराठी वाचकाला हा भेद समजायला जड जाऊ नये. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते बाईला आपल्या शरीराबद्दल ठरवता यावं म्हणून. त्यांच्या सहकारी शकुंतला परांजपे यांनी हे काम आयुष्यभर केलं, विधान परिषदेत आणि राज्यसभेतही त्यासाठी आवाज उठवला. साधन हातात देणं वेगळं आणि साधन शरीरात घालून टाकणं वेगळं.

चीनने ४० कोटी जन्म टाळले म्हणतात. मग धोरणाची बाजू का मांडली नाही?

मांडली आहे. आई मांडते, गौरव झालेली अधिकारी मांडते, गावचा प्रमुख मांडतो. नाही आली ती लोकसंख्याशास्त्रज्ञांची बाजू, आणि ती आली असती तर हा ४० कोटींचा आकडा टिकला नसता. १९७०मध्ये चीनमध्ये एका बाईला सरासरी साडेपाच-सहा मुलं होत. एक-मूल धोरण येण्याआधी, १९७८पर्यंत, ती तीनच्या खाली आली होती. उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुलं या सत्तरच्या दशकातल्या मोहिमेने, आणि शिक्षण-आरोग्य सुधारल्याने. त्या मोहिमेतही जबरदस्ती होती. पण सगळं श्रेय १९८०च्या धोरणाला देणं चुकीचं आहे.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहिते आहे, कारण चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्याकडेही असंच करायला हवं होतं.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारताचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. केरळ आणि तमिळनाडूत तो असा कायदा न करता खाली आला.

आपल्याकडे असं काही झालंच नाही ना?

झालं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. हरियाणातल्या मेवातमधल्या उटावर गावाला नोव्हेंबर १९७६मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचललं. हे मुस्लिमबहुल गाव होतं. बाकी ठिकाणीही जे सापडले ते गरीब, दलित, फुटपाथवरचे, बदलीला किंवा रेशन बंद होण्याला घाबरणारे कनिष्ठ कर्मचारी.

महाराष्ट्राचा वाटा यात लहान नाही. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचं विधेयक १९७६मध्ये आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आजही १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत लढवता येत नाही, आणि २००५च्या नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

आणीबाणीनंतर पुरुषांना हात लावायची हिंमत कोणत्याच सरकारने केली नाही आणि सगळा भार बायकांवर गेला. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्री-नसबंदीवर आहेत, आणि पुरुष-नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं केली. त्या शिबिरातल्या आणि आसपासच्या शिबिरांतल्या मिळून डझनभराहून जास्त बायका दगावल्या. त्यात बैगा आदिवासी समाजाची बाईही होती, आणि या समाजाची नसबंदी करू नये असा १९७९चा सरकारी आदेश होता. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

यावर भारतीय माहितीपट आहे का?

आहे. दीपा धनराज यांचा ‘समथिंग लाइक अ वॉर’, १९९१चा. एकीकडे शिबिरात झरझर उरकली जाणारी ऑपरेशनं, दुसरीकडे बायका गोल करून बसून स्वतःच्या शरीराबद्दल, पाळीबद्दल, इच्छेबद्दल मोकळेपणाने बोलताहेत. ‘वन चाइल्ड नेशन’मध्ये बायका आपल्यावर काय झालं ते सांगतात, इथे त्या आपल्याला काय हवं होतं तेही सांगतात. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे, आणि जवळपास तीस वर्षं आधीचा हा माहितीपट त्या बाबतीत पुढे आहे.

महाराष्ट्रात असा माहितीपट करायचा झाला तर कोणाला बोलतं करावं?

माझी सुरुवात आशाताईंपासून होईल. ऑपरेशनला बाई तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाणारी तीच, आणि गावात शिव्या खाणारीही तीच. तिला मानधन केसमागे मिळतं. निवृत्त नर्सबाई आणि १९७६ साली ‘केस’ आणण्याचा कोटा मिळालेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अजून हयात आहेत, पण ते फार काळ असणार नाहीत. त्यांना आरोपी म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून बसवावं लागेल, नाहीतर ते बोलणारच नाहीत.

तिसऱ्या मुलामुळे सरपंचपद गेलेल्या बायका शोधाव्यात. मूल होऊ द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं का, हा प्रश्न त्यांच्या नवऱ्यांनाही कॅमेऱ्यासमोर विचारावा. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी इतर पाच राज्यांतल्या अशाच नियमाबद्दल केलेल्या अभ्यासात पद वाचवण्यासाठी बायकोला सोडणं, मूल दुसऱ्याच्या नावावर टाकणं, गर्भपात, असं सगळं निघालं होतं. भटक्या-विमुक्त समाजांच्या पालांवर जावं. आदिवासी भागात दुभाषा नेताना आरोग्य खात्याचा माणूस नेऊ नये, बाई त्याच्यासमोर तक्रार कशी करेल? ज्या बाईने स्वखुशीने ऑपरेशन करून घेतलं आणि सुटल्यासारखं वाटलं तिलाही जागा द्यावी. अशा बायका खूप आहेत, आणि त्यांना वगळलं तर माहितीपट खोटा पडेल.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न मात्र यात घुसडू नये. तो तितकाच भयंकर आहे, पण त्यामागे लोकसंख्येचं धोरण नाही. मजुरीचं गणित आणि खासगी दवाखान्यांचा धंदा आहे. दोन्ही एकत्र केले की कोणालाच जाब विचारता येत नाही.

आणि चित्रीकरणाआधी लेखी संमती घेताना, नंतर मागे घेण्याचा हक्क बाईला वाचून दाखवावा. गावात तिला राहायचं आहे.

कॉलेजच्या मुलांना दाखवावा का? शाळेतल्या?

कॉलेजात जरूर. शाळेत नको: पिवळ्या पिशव्यांत कचऱ्यात टाकलेल्या, दिवस भरत आलेल्या गर्भांचे फोटो त्यात आहेत. मोठ्यांच्या प्रदर्शनातही हे सुरुवातीलाच सांगावं. प्रेक्षकांत गर्भपात झालेल्या, मूल गमावलेल्या, इच्छा नसताना ऑपरेशन झालेल्या बायका असतातच, आणि मधूनच उठून जावंसं वाटलं तर त्यांना कारण विचारू नये.